एक रिंग

सकाळी सहा ते साडेसात
माझा फोन उचलायचा नसतो.
वाजू द्यायचा, तुटू द्यायचा,
आणि वहीत खूण करायची.
एक रिंग म्हणजे उठलो.
दोन म्हणजे गोळ्या संपल्या.
तीन म्हणजे ये.

तळाशील ही वाळूची पट्टी,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधे माड, घरं, आणि वहीतली एकतीस नावं
ज्यांची मुलं विरारला, मस्कतला, किंवा नुसतीच 'तिकडे'.
संस्थेनं मला ही वही दिली, स्कूटीला पेट्रोल दिलं,
आणि रक्तदाब मोजायचं यंत्र
जे शेवंती मेथर दंडाला लावू देत नाही.
"माझो दंड आवळून तुका काय गावतला?"

पहिली रिंग हरचंद्र खवणेकरांची,
पाच अठ्ठावन्नला.
जन्मभर तांडेल होते,
भरतीच्या आधी उठायची खोड.
मग रुजायमाय, तेर्स संपल्यावर.
हलिमाबी नमाज झाला तरी थांबतात,
म्हणतात, चहा पोटात गेल्याशिवाय
उठले असं कसं सांगू?
जनू पराडकरांची रिंग अर्धीच वाजते,
पैसे कापले जातील म्हणून.

बुधवारी सगळे रापणीच्या मांगरात.
कुडाळहून एक पोरगी येते व्यायाम शिकवायला,
खुर्चीत बसा, हात पुढे, हात मागे.
पहिले तीन बुधवार
कुणाचा हात खांद्याच्या वर गेला नाही.
चौथ्या बुधवारी खवणेकर उठले,
कोपऱ्यातली जुनी दोरी ओढली,
एक टोक खांबाला बांधलं,
दुसरं रांगेतून हातोहात फिरवलं.
कुणी काही बोललं नाही.
दोरी ताणली गेली,
आणि शेवंती, जिला केसांत फणी फिरवता येत नव्हती,
टाचा रोवून, मागे रेलून,
दर्यातून काहीतरी ओढत राहिली.
खांब करकरला. कौलं वाजली.
पोरगी म्हणत होती, पुरे, पुरे.

दर बुधवारी असं होत नाही.
बऱ्याचदा नुसता चहा, घावणे, आणि जुनी भांडणं.
त्यातलं एक, होडीच्या वाट्यावरचं,
माझ्या जन्माआधीचं आहे.
ते दोघे एकाच बाकावर बसतात,
मधे पिशवी ठेवून.

श्रावणात आबू टिकमांची रिंग आली नाही.
साडेसातला निघाले, वाटभर स्वतःला सांगत
चार्जिंग संपलं असेल, चार्जिंग संपलं असेल.
फोन उशाशी होता. भरलेला.
नव्या महिन्याचं पान आखताना
अजून एकतिसावी ओळ आखली जाते.
खोडत नाही.

आणि हे गेल्या शनिवारचं.
तापानं पडले होते, फोन अंथरुणात कुठेतरी.
जाग आली तेव्हा नऊ वाजून गेलेले,
त्रेचाळीस मिस्ड कॉल,
त्यात जनू पराडकरांचे सात.
दार वाजायच्या आधी
दाराबाहेर चार-पाच तऱ्हांचा खोकला.
रिक्षातून सात जण उतरले,
पिशवीवाले दोघेही, पिशवी विसरून.
हलिमाबींकडे पेजेचा टोप, पदराने धरलेला.
खवणेकर उंबऱ्यावरच थांबले,
बाईमाणसाच्या खोलीत कसं यायचं म्हणून,
आणि तिथूनच विचारलं,
"काय गो, जिती आसस मां?"

शेवंती सरळ आत आली.
मांगरातलं कपाट उघडून यंत्र आणलं होतं तिनं.
माझ्या दंडाला गुंडाळलं, उलटं, बाहीवरूनच,
आणि फुगा दाबत राहिली, दाबत राहिली,
काट्याकडे न बघता, माझ्या तोंडाकडे बघत.
"आवळता मां?" म्हणाली.
"आता कळला?"